नांगरणी उरकेपर्यंत

मार्लोच्या मेंढ्यांवर कोयोटी कोल्ह्यांची धाड पडत होती, आणि ते येत ते त्याच्याच मक्याच्या शेतातून. कापणी झाली होती. मार्लोची नांगरणी उरकली की शेजारचा ऑर्विन तिथे सापळे पुरणार होता. आधी पुरले तर ते नांगराखाली मोडले असते. जमीन गोठल्यावर मात्र ना नांगर चालतो, ना सापळा पुरता येतो. शेजाऱ्याला त्याच्या कामाची घाई करणे मिनेसोटात असभ्य समजतात. म्हणून ऑर्विन रोज सकाळी गाडी घेऊन शेताच्या कडेने सावकाश फिरे आणि धसकटे तशीच उभी पाहून चडफडत परते.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी जमीन दगडासारखी झाली. मार्लो कुंपणापाशी उभा होता. रात्री आणखी दोन मेंढ्या गेल्या होत्या.

"नांगरणी राहिली म्हणायची," ऑर्विन शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाला.

"राहणारच. पण तुझ्या सापळ्यांत एकही कसा सापडेना, बाबा?"

"सापळे? मी लावलेच कुठे?"

मार्लो त्याच्या गाडीकडे बघत राहिला.

"मग रोज सकाळी काय बघायला यायचास? सापळे मोडतील म्हणून मी ट्रॅक्टर बाहेर काढला नाही. आणि ते काढायची तुला घाई करणं बरं दिसेना."