धायरीपर्यंत वीस

मानवी संयमाचा इतिहास कधी लिहिला गेला, तर त्यात गोपाळकृष्णांच्या उजव्या पायावर एक स्वतंत्र प्रकरण असेल. निदान गोपाळकृष्णांचा तसा अंदाज होता. त्यांच्या पत्नीचं, हेमाचं, म्हणणं एवढंच, की त्या पायाला रोज रात्री मुंग्या येतात.

रविवारी सकाळी तो पाय नव्या टर्बो गाडीच्या ॲक्सिलरेटरवर, दुधावरची साय मोडू नये इतक्या बेतानं टेकला होता. शेजारी मेव्हणा सलिल. मागे रेशमी साडीत हेमा, तिच्या मांडीवर आहेराचं भिंतीवरचं घड्याळ. निघाले होते कोथरूडहून धायरीला, हेमाच्या मावशींच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला.

मागच्या बारशाला सलिलनं झाडून सगळ्या नातेवाइकांसमोर सांगितलं होतं, की टर्बो गाडी शहरात लिटरला बाराच्या वर जात नाही, शोरूमवाल्यानं भाऊजींना गुंडाळलं. तेव्हापासून गोपाळकृष्णांना जेवण गोड लागत नव्हतं. आज धायरीपर्यंत समोरच्या पडद्यावर वीसचा आकडा दिसला, तर सलिलनं त्याच सगळ्यांसमोर शब्द मागे घ्यायचा, असं ठरलं होतं.

राजाराम पुलावर आकडा एकोणीसच्या जरासा वर होता.

"अहो, एसी," हेमा म्हणाली.

"धायरीत लावू."

"मग काच तरी खाली करा."

"वारा अडतो. ॲव्हरेज पडतं."

सिंहगड रस्त्याला मागच्या बसवाल्यानं बराच वेळ हॉर्न वाजवला आणि शेवटी बस पुढे काढली. जाताना कंडक्टरनं वाकून पाहिलं, गाडीत कोणी आजारी आहे का.

"उड्डाणपुलावरून घ्या, भाऊजी. खाली सगळे सिग्नल आहेत."

"पुलाला चढ आहे."

"पलीकडे उतारही असतो."

"आधी चढ असतो."

खालच्या प्रत्येक सिग्नलला ते इंजिन बंद करत. मग इतकी शांतता पसरे, की वेष्टनातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येई.

अशाच एका शांततेत सलिलनं रुमालानं मान पुसली. "तो टर्बो सुरू कधी होतो तुमचा?"

"पाय दाबला की." गोपाळकृष्णांचा आवाज भरून आला. "घेतल्यापासून एकदाही होऊ दिला नाही."

"मग घेतला कशाला?"

"असावा."

धायरी फाट्याला एक रिक्षा आडवी आली. गोपाळकृष्णांनी शिवी गिळली, पण ब्रेक मारावा लागला, आणि तो जास्त झोंबला. आकडा दोन दशांशांनी खाली आला. त्यांनी श्वास रोखला. मागे हेमानंही रोखला, पण तिचं कारण उकाडा होतं. गावात शिरताना, एका भांड्यांच्या दुकानासमोर, आकडा वीस झाला.

गोपाळकृष्णांनी तिथल्या तिथे गाडी कडेला घेतली आणि चावी फिरवली. "उतरा."

समोर रस्ता सरळ टेकडीवर चढत होता. मावशींची इमारत अगदी माथ्यावर दिसत होती.

"घर वर आहे," हेमा म्हणाली.

"पैज धायरीपर्यंत होती. ही धायरीच."

सलिलनं पडद्याचा फोटो काढला. "मानलं, भाऊजी," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. गोपाळकृष्ण सगळ्यांच्या पुढे, छाती काढून चढ चढू लागले. अर्ध्यावर छाती आत गेली, पण चेहरा तसाच राहिला.

दारात सगळं माहेर जमलं होतं. सलिल शब्दाला जागला. "मी चुकलो होतो. भाऊजींच्या टर्बोनं शहरात वीस दिले."

गोपाळकृष्ण नम्रपणे खाली बघत उभे राहिले. त्यांच्या झब्ब्यातून पाणी ठिबकत होतं. मावशींनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि हेमाच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

"एवढा चढ चालत आलात? गाडी मिळायचीय का अजून?"

"मिळाली, मावशी," हेमा म्हणाली. "तिला चढ सोसत नाही."