अडलेलं वाक्य

“परत म्हन,” भाकरी थापता थापता सुगंधाबाई म्हणाली.

दिपमालाने पहिल्यापासून सुरुवात केली. स्वतःचं नाव, बेटाचं नाव, शाळेचं नाव. इंग्रजी कसं घडाघडा येत होतं. मग ते वाक्य आलं आणि पोरगी अडली.

“तठेच काबर अडकस तू?”

“इसरी जास.”

“बठ्ठं पाठ व्हस, आनि एक वाक्य व्हत नही?”

सुगंधाबाईला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण रोज ऐकून ऐकून भाषण तिच्या कानात बसलं होतं. अडलेलं वाक्य तिने स्वतःच म्हणून दाखवलं, अगदी शाळेतल्या हितेंद्र सरांसारखे हेल काढून.

“तू नको म्हनू, माय,” दिपमाला म्हणाली.

“काबर? मना तोंडमा बरं वाटस नही का?”

पोरीने चुलीत एक काटकी सरकवली. म्हणाली, “मी नाशिकले नही गई ते चाली का?”

सुगंधाबाईने पिठाच्या हाताने तिच्या गालात ठेवून दिली. “मी येचस तसा जल्मभर कापूस येचना शे का तुले? म्हन!”

दिपमालाने रडत रडत म्हटलं. या वेळी कुठेच अडली नाही.

“याना अर्थ काय शे वं?” सुगंधाबाईने भाकरी उलटत विचारलं.

“तुनावर शे.”

“मनावर?” सुगंधाबाईला हसू आवरेना. आपल्यावर इंग्रजीत कुणी बोलेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. मारलेल्या गालावरचं पीठ तिने पदराने पुसलं आणि पहिली भाकरी पोरीला वाढली.

तापीवर धरण झालं तेव्हा खालची शेतं पाण्यात गेली आणि टेकाडावरची घरं तेवढी उरली. तेव्हापासून सगळे या वस्तीला बेटच म्हणतात. इथे यायचं तर नावेतून. हितेंद्र सर धुळ्याचे. त्यांनी इथे पत्र्याची इंग्रजी शाळा काढली, ती सगळी देणग्यांवर. कुणी बाकं दिली, कुणी पंखे दिले. बेटावर वीज असते नसते, पण पंखे कोरे करकरीत. सुगंधाबाई तिथे पोरांची खिचडी शिजवायची, उरलेल्या वेळात कापूस वेचायची. नवरा सुरतेला साडीच्या कारखान्यात होता, दिवाळीला दिसायचा.

या खेपेला विलायतेची एक मॅडम येणार होती. ती एका पोराला नाशिकच्या मोठ्या शाळेत ठेवणार होती, कॉलेजपर्यंतचा सगळा खर्च तिचा. सरांनी दिपमालाला निवडलं. सुगंधाबाई तिथल्या तिथे हो म्हणाली आणि मग चुलीच्या धुराचं निमित्त करून पोटभर रडली. पोर जाणार याचं दुःख होतं, पण आनंद त्याहून मोठा होता.

आदल्या दिवशी सर स्वयंपाकघरात आले. “सुगंधाबाई, उद्या तिच्या केसांना तेल नको. वेणीही नको. आणि तो जुना गणवेश घाला, बाही उसवलेला.”

“नवा शे ना, सर. तसं धाडं ते मॅडमले वाटी, हिले घरमा कोनी देखनारं नही.”

सर हसले. “वाटू द्या. आणि कार्यक्रम होईपर्यंत तुम्ही इथेच थांबा. तुम्हाला बघितलं की ती बुजते.”

हे मात्र खरं होतं. घरी ती सुगंधाबाईसमोरच तर अडायची.

मॅडम आली. गोरी, वयस्कर, चेहऱ्याने प्रेमळ. नावेतून उतरताना तिने पोरांचे हात धरले. बाकीचे आईबाप कापसाच्या वेचणीला गेले होते, सरांनी दिवसच तसा धरला होता. पोरांनी गाणं म्हटलं, सर इंग्रजीत बोलले, टाळ्या झाल्या. सुगंधाबाई खिचडी ढवळत सगळं ऐकत होती.

मग माइकवर दिपमालाचा आवाज आला.

सुगंधाबाईने चुलीतली लाकडं मागे ओढली. फक्त दारापर्यंत जाऊ, ती मनाशी म्हणाली. पुन्हा हे ऐकायला कधी मिळणार होतं? दाराच्या चौकटीला धरून ती उभी राहिली. पोरीचे केस पिंजारलेले होते, ते बघून तिला कसंतरीच झालं. पण बोलत होती झकास. मॅडमच्या हातात रुमाल होता.

दिपमालाने मान वर केली. तिला आई दिसली.

ती थांबली.

“हं, पुढे,” सर हळूच म्हणाले.

मॅडम खुर्चीत पुढे वाकली. तेच वाक्य! तिथेच! नाशिकची शाळा, कॉलेज, पोरीचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर येऊन अडलं होतं.

सरांचं लक्ष दाराकडे गेलं. त्यांचा चेहरा पडला आणि ते हाताने खुणा करू लागले, आत जा, आत जा. पण आई असून अशा वेळी आत कशी जाणार?

“घाबरू नको वं, मी शे ना अठे,” सुगंधाबाई म्हणाली. पदराला हात पुसून ती दोन पावलं पुढे आली, पोरीकडे बघून हसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, कुठेही न चुकता तिने ते वाक्य म्हटलं.

“माय मदर इज डेड!”