केतकीताईची वळणं

“सर, माझी ताई अजून या लोखंडात आहे का?”

“हिंमत असेल तर विचार की!” असं मैत्रिणींनी डिवचलं, म्हणून शर्वाणीने गाडीच्या वर्कशॉपमधल्या मुजावर सरांना विचारूनच टाकलं.

शर्यतीच्या गाडीचा तो सस्पेन्शन आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा दांडा, आठवण ठेवणाऱ्या धातूचा होता. तापाने गेलेल्या केतकीताईचं प्रत्येक वळण त्यात साठलं होतं. सरांनी तो सरावाच्या यंत्राला जोडताच शर्वाणीच्या हातातलं स्टिअरिंग अगदी ताईसारखं, उशिरा आणि झटक्यात वळलं.

“सर, उद्याच्या शर्यतीत हाच लावूया! ताई सोबत असेल.”

“लाव की. पण तुझा प्रत्येक धक्का तिच्यावर उमटणार. हळूहळू ती पुसली जाईल. नाहीतर कार्बन फायबरचा आर्म आहे; तो हलका, पण त्याला काही आठवत नाही.”

घरी पोचताच शर्वाणी म्हणाली, “आई, बाबा, उद्या मी कार्बनचा आर्म लावणार. गाडी एकटीच पळवणार.”