वीस किलो

थोरला कमांडो म्हणून गेला तो परत आलाच नाही. आपणही कमांडोच व्हायचं, हे धाकटीने तेव्हाच ठरवलं.

बाबा शिंपी. त्यांचं माप चुकलं असं एकही गिऱ्हाईक कधी म्हणालं नव्हतं. त्यामुळे कमांडो चाचणीच्या सरावासाठी त्यांनी वीस किलो म्हणून वाळू भरून, तोंड शिवून सॅक दिली, तेव्हा ती काट्यावर ठेवून बघायचं तिच्या मनातही आलं नाही. वर्षभर ती सॅक पाठीवर घेऊन ती ऊर फुटेस्तोवर धावली. चाचणीच्या वेळेपेक्षा दर वेळी चार-पाच मिनिटं उशीर व्हायचाच, आणि ती आपल्याच पायांना शिव्या घालायची.

भरतीच्या फॉर्मवर शाखा लिहायची वेळ आली. एकदा लिहिली की बदलत नाही.

"झेपत नाही तर हट्ट कशाला, बाळा? भांडार विभाग लिही," बाबा म्हणाले. तिने मन मारून लिहिलं.

भांडारात तिचं पहिलंच काम होतं कमांडोंच्या सॅक वजन करून द्यायचं. काट्यावर बरोबर वीस किलो. एक सॅक तिने सहज पाठीवर टाकली आणि जागीच थिजली. पाठीवर काही आहे असं वाटेचना.

पहिल्या सुट्टीत घरी येताच तिने जुनी सॅक काट्यावर ठेवली. अठ्ठावीस.

"बाबा, तुमचं माप चुकलं कसं?"

शिलाई मशीन थांबलं. बाबांनी मान वर केली नाही.



"माप चुकलं ते दादाच्या वेळी. तेव्हा बरोबर वीस भरले होते."