मालिकेतल्या पोराचं सुतक

लेकीचं, रक्षाचं लग्न झालं त्या साली, म्हणजे दोन हजार तेवीसमध्ये, तेजरामनं पोसलेल्या पोराला भर मांडवातून हाकललं. त्या पोरानं, कैलाशनं, परजातीची बायको करून आणली होती. तो तिला घेऊन सुरतेला गेला. एकोडी गावातल्या घरात त्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढच्या दिवाळीत तेजरामच्या बायकोनं, गोदावरीबाईनं फोडणी बंद केली. डोक्याला तेल नाही, खाट सोडून भुईवर निजणं. टीव्ही बंद. जेवायला बसली की घास हातातच राहायचा.

"कोन मेलं वो?" तेजरामनं विचारलं.

तिनं ताट बाजूला सारलं. शेजारची शकुंतलाबाई म्हणाली, "मालिकेतलं पोरगं, भाऊजी. सरहद्दीवरचं घरानं नाही का, त्यायनं पोसलेलं. गोळी लागली बिचाऱ्याले."

"अन् हे सुतक पाळून राहिली? येडी झाली का?"

"तुमाले काय समजते? रोज पाहत होती. जीव लागते मानसाचा."

तेजराम आधी हसला. मग त्याला हसू येईना. बाई वाळत चालली होती. धान कापायला आलं होतं, आणि ती बांधावर नुसती बसून राहायची. डॉक्टरानं सलाइन लावली, फरक पडला नाही.

"काय केलं म्हंजे जेवशील?" एक दिवस त्यानं काकुळतीला येऊन विचारलं.

"दहावा हाय उद्या. तीळ-पानी द्या त्याले."

"मी? टीव्हीतल्या पोराले?"

"बापानंच द्या लागते."

सकाळी तो तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. काठावरून गावातला सोमाजी ओरडला, "काहून पाटील, टीव्हीवाले तुमालेही मालिकेत घेऊन राहिले का?"

"नाव काय घेऊ?" तेजरामनं बायकोला विचारलं.

"नाव राहू द्या. पोरा म्हना."

"घे बाबा, पोरा," तो म्हणाला आणि ओंजळ सोडली. गोदावरीबाईनं काठावरूनच हात जोडले.

दुपारी ती पोटभर जेवली. तेजरामला बरं वाटलं. संध्याकाळी त्यानं स्वतःच टीव्ही लावला. "पाह्य आता तुही मालिका."

पडद्यावर एक तरणा पोरगा घोड्यावरून उतरला. म्हातारीच्या पाया पडला.

"हा कोन?"

"थोच. पोसलेला."

"मंग मेला कोन?"

गोदावरीबाईनं पदर नीट केला.

"कैलाश. शकुंतलेच्या फोनवर कळलं. भाऊबीजेच्या सकाळी, सुरतेले."