वादिराज अण्णांची मिशी

"परदेशातलं ते कण आपटायचं मशीन आज चालू होतंय. पृथ्वी गिळणार बघ ते," शेजारचे वादिराज अण्णा लिफ्टमध्ये म्हणाले.

"आणि उद्या पृथ्वी जागेवर असली तर?" उल्हासने डिवचलं.

"तर गेटवर सगळ्यांसमोर मिशी काढतो. सरी? कबूल?"

सकाळी पृथ्वी जागेवरच होती. उल्हासने शिट्टी वाजवत गेटवर खुर्ची मांडली, न्हावी आणला, अख्खी सोसायटी गोळा केली.

लग्नाआधीपासून जपलेली मिशी कात्रीने अर्धी उतरली. उल्हासने हसायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. कापलेले केस खाली पडत नव्हते. सावकाश वर चालले होते.

सगळ्यांच्या माना केसांमागे वर गेल्या.

"आज सगळ्या गिऱ्हाइकांचे असेच जातायत, सार," न्हावी म्हणाला.

अण्णांनी मिशीची दुसरी बाजू पुढे केली.