कंपनीचं नाव

"सापडला एक," असं म्हणत मॉडरेटरने लॅपटॉप जवळ ओढला.

प्रोग्रामर मंडळींचा ईमेल-ग्रुप होता तो. एकाने मेल टाकला की साऱ्या गोतावळ्याला जायचा. नोकरीच्या जाहिरातींना बंदी नव्हती, पण कंपनीचं नाव, गाव आणि पगार लिहिलाच पाहिजे, असा दंडक होता. दंडक मॉडरेटरनेच घातलेला. मोडणाऱ्याला तो सर्वांसमक्ष घरचा आहेर करायचा. निम्मे लोक तर त्या आहेरासाठीच ग्रुपवर टिकून होते.

आज कुठल्याशा 'नामांकित कंपनीला' हुशार माणसं हवी होती. पगार 'योग्यतेनुसार'. खाली सही फक्त 'भरती विभाग'. मॉडरेटरने लिहिलं, "इतके नामांकित, की नाव सांगायची लाज वाटते? आधी तोंड दाखवा, मग माणसं शोधा." टेबलाच्या पलीकडे बायको लॅपटॉप उघडून बसली होती. मुलं मोठी झाल्यावर तिने घरून करायचं काहीतरी काम मिळवलं होतं. तो त्याला 'तुझं ते टायपिंग' म्हणायचा. त्याने आपलं उत्तर तिला मोठ्याने वाचून दाखवलं आणि एकटाच हसला. ती लॅपटॉप उचलून आत गेली.

मग काय, ग्रुपला ऊत आला. जो तो हात धुऊन त्या 'भरती विभागा'च्या मागे लागला. एका उत्साही पोराने मेलच्या पत्त्यावरून कंपनी हुडकून काढली आणि मालकाला सगळं धाडून दिलं. मॉडरेटरने त्याला शाबासकी दिली.

जरा वेळाने तो चहाचं विचारायला उठला आणि आतल्या खोलीच्या दारातच थबकला. बायको फोनवर होती.

"सर, मी म्हटलं होतं तुम्हाला, त्या ग्रुपवर नाव लागतं... हो सर. चूक माझीच. संध्याकाळच्या आत माफी मागते. पण काम नका काढून घेऊ."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने फोन ठेवला, तेव्हा त्याला एवढंच सुचलं, की कंपनी कोणती ते मला सांगायचं तरी.

"सांगायला आले होते," ती टाइप करता करता म्हणाली. "तू ग्रुपवर कुणाला तरी झापत होतास. नंतर तू विचारलं नाहीस."

मी लिहितो सगळ्यांना, तो म्हणाला.

"काय लिहिशील? बायको आहे, सोडून द्या?"

तो टेबलाशी येऊन बसला. एकदा नियम मोडला, की त्या माणसाचा पुढचा मेल मॉडरेटरने पाहिल्याशिवाय ग्रुपवर जायचा नाही. हाही दंडक त्याचाच. आता एक मेल त्याच्यासमोर येऊन थांबला होता. 'चूक माझी एकटीची आहे. सर्वांची मनापासून माफी मागते.' त्याखाली कंपनीचं नाव, गाव, पगार, काही म्हणता काही राहिलं नव्हतं. आणि सहीच्या जागी तिचं पूर्ण नाव.

'मंजूर' आणि 'नामंजूर' अशी दोन बटणं होती. त्याचा हात पुढे होईना.

आतून तिचा आवाज आला. मघाशी फोनवर होता, तसाच.

"तेवढं मंजूर करा, सर. संध्याकाळच्या आत जायला हवं."